कस आणि कस

म्हैसूरच्या गल्लीत सकाळी 'कस' गोळा करणारी गाडी येते, तेव्हा मराठी कान दचकतो. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे केरकचरा, अस्सल द्राविडी शब्द. आपला 'कस' निराळ्या कुळातला. संस्कृत 'कष' म्हणजे सोनं घासून पारखायचा दगड. त्यावरून कसोटी, कस लागणं आणि मग सत्त्व, कसदार जमीन.

'कसदिंद रस', कचऱ्यातून रस, हा कन्नड वाक्प्रचार. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली देशात पहिल्या आलेल्या या शहरात तो प्रत्यक्ष बघायचा तर कुंबारकोप्पलला जावं. तिथल्या शून्य कचरा केंद्रात सुका कचरा हातांनी निवडतात आणि केळीच्या साली, भाजीचे देठ कुजून काळंभोर खत होतं. ते शेतात पडलं की कन्नड कसाचा मराठी कस होतो! मला ही जोडी फार मोलाची वाटते.

कचऱ्यातून कस काढण्याच्या या विचारापर्यंत अर्थशास्त्र हळूहळू आलं. १९६६ साली अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंगनी पृथ्वीला अवकाशयान म्हटलं, कारण टाकून द्यायला 'बाहेर' असं काही नाहीच. १९७६ मध्ये वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगासाठीच्या अहवालात दुरुस्तीतून रोजगार कसा वाढेल ते मांडलं. पियर्स आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या १९९० च्या पुस्तकात 'चक्रीय अर्थव्यवस्था', म्हणजे वापरलेलं पुन्हा वापरात आणणारी अर्थव्यवस्था, अवतरली. २०१७ मध्ये संशोधकांनी तिच्या व्याख्या मोजल्या. त्या भरल्या ११४, आणि बहुतेकांचा भर पुनर्वापर नि पुनर्प्रक्रियेवर; मुळात कमी वापरण्यावर त्याहून कमी व्याख्यांचा.