रेघेच्या अलीकडे

इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये मागच्या बाजूला, फरशीत, काळ्या दगडाची एक पट्टी आडवी बसवली आहे. मध्यावर क्रूस. दगड जवळच्याच फ्रॉस्टर्ली गावचा. वाकून पाहिलं की त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांचे पांढुरके ठसे दिसतात. मठाच्या काळात बाईने या रेघेपुढे पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. संत कथबर्टची समाधी पुढे, मुख्य वेदीच्या मागे. 1539 च्या अखेरीस मठ बरखास्त झाला, तोवर त्या समाधीचं दर्शन बायकांना नव्हतं.

मी तिथे एम. ए. करत होते. भिवंडीतल्या कामतघरची मुलगी, घरात मागाचा खडखडाट. नवरात्रात वऱ्हाळादेवीच्या रांगेत आईचा पदर धरून उभं राहायचं, एवढीच माझी देवळाची ओळख. तेव्हा 1093 मध्ये पाया घातलेल्या त्या इमारतीच्या कमानी मी आधी नुसत्या मान वर करून पाहिल्या. फरशीकडे लक्ष गेल्यावर मात्र तिथल्या इतिहासाने मला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

समोरच किल्ला आहे. किल्ला कसला, बिशपांचा राजवाडाच. डरहॅमचे बिशप नुसते धर्मगुरू नव्हते. त्यांचं स्वतःचं न्यायालय होतं, नाणी पाडायचा हक्क होता. 1333 मध्ये राजा तिसरा एडवर्ड मठात उतरला होता. राणी फिलिपा आली, जेवली आणि त्याच्याच खोलीत निजायला गेली. भिक्षूंनी राजाला कळवलं, आमच्या संताला बाईचा सहवास चालत नाही. राणी अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांनिशी उठली आणि किल्ल्यावर जाऊन झोपली. इंग्लंडची राणी! मग साध्या विणकराच्या बायकोची काय कथा.

बायकांसाठी वेगळी जागा म्हणून बिशप ह्यू द पुइझेने बाराव्या शतकात पूर्वेकडे एक चॅपल बांधायला घेतलं. भिंतींना तडे गेले. जमीन भुसभुशीत होती, पण लोक म्हणाले संत रागावला. शेवटी ते पश्चिम टोकाला, समाधीपासून शक्य तितकं लांब बांधलं. त्याला गॅलिली चॅपल म्हणतात. बारीक खांब, नागमोडी नक्षीच्या कमानी. मला सबंध कॅथीड्रलमध्ये तीच जागा सर्वात देखणी वाटते, आणि ती कुणाला दूर ठेवण्यासाठी तिथे गेली हे आठवून दर वेळी वाईटही वाटतं.

राजवाड्यात आता विद्यार्थी राहतात. विद्यापीठ 1832 चं. काही वर्षांतच बिशपांनी किल्ला त्याला देऊन टाकला. जुन्या दिवाणखान्यात मुलं जेवतात, वाडा दाखवायलाही विद्यार्थीच पुढे असतात. पण विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या त्या 1895 मध्ये, आणि किल्ल्यातल्या कॉलेजात मुली राहायला आल्या त्या 1987 मध्ये. माझ्या जन्माच्या जेमतेम थोडं आधी!

हे सगळं समजून घेताना मला अस्पृश्यतेविरुद्ध काम केलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे सारखे आठवत होते. शाळेच्या पुस्तकात त्यांचं विलायतेचं शिक्षण एका वाक्यात उरकलेलं असतं, आणि तो मला अन्याय वाटतो. 1901 मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. मी मुद्दाम ते कॉलेज पाहायला गेले. चॅपलच्या खिडक्यांत चित्रकार बर्न-जोन्सने रेखलेले सृष्टीच्या उत्पत्तीचे सहा दिवस रंगीत काचेत उभे आहेत. दुपारचं ऊन आलं की बाकांवर निळा-लाल उजेड सांडतो. या कॉलेजचा जन्मच अडवणुकीतून झालेला. अँग्लिकन चर्च न मानणाऱ्यांना ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे, म्हणून अशा लोकांनी 1786 मध्ये मँचेस्टरला स्वतःची विद्यापीठासारखी संस्था काढली. 1871 च्या कायद्याने ती बंधनं बव्हंशी उठली आणि 1889 मध्ये कॉलेज ऑक्सफर्डला आलं. तिथे शिंद्यांना शिकवणारे एस्टलिन कार्पेंटर हे ख्रिस्ती धर्मोपदेशक, आणि पाली दीघनिकायाचे एक संपादकही.

स्वतः दाराबाहेर राहिलेल्या माणसांच्या शाळेत एक मराठी तरुण दोन वर्षं धर्म शिकला. माझं ठाम मत आहे की पुढच्या कामात त्या शाळेचा वाटा आहे. 1903 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचून शिंदे परतले. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं काम तिथून सुरू झालं.

परळ म्हणजे गिरण्यांचा भाग. तिथल्या मोडीत निघालेल्या गिरण्यांचे जुने माग भिवंडीत आले, आमच्या घरातलेही त्यांतलेच. आता कामतघरची मुलं इंग्लंड-जर्मनीला जातात आणि राजवाड्यांचे, चर्चचे फोटो पाठवतात. मी त्यांना उलट विचारते, आत कुणाला सोडत नव्हते, आणि कधीपर्यंत? परवा एका मुलीने कोलोनहून उत्तराऐवजी मलाच प्रश्न पाठवला: ताई, नाशिकच्या काळाराम मंदिराचं दार 1930 च्या सत्याग्रहानंतर अस्पृश्यांना किती वर्षांनी उघडलं? तिला शोधायला लावलं आहे.