भातकुलीचा खरा इतिहास पाण्यात आहे

राजेहो, भातकुलीचा इतिहास म्हटला की आपण थेट रुक्मीवर जातो. रुक्मिणीहरणात हरलेला रुक्मी लाजेनं कौंडिण्यपूरला परतला नाही, त्यानं भोजकट वसवलं, तेच आपलं भातकुली, असं परंपरा सांगते. भोजकट नावाचा मुलूख या भागात होता, याला मात्र लेखी पुरावा आहे. अचलपूरजवळच्या चमक गावी सापडलेल्या ताम्रपटात ५व्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन भोजकट राज्यातलं एक गाव दान देतो. त्या गावाचा पत्ता काय लिहिला? मधुनदीच्या काठी! म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही गावाची ओळख पाण्यावरूनच होती.

आता आपल्या पायाखाली बघा. सातपुड्यातून येणारी पूर्णा पश्चिमेकडे जात चांगदेवला तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर साचलाय आणि त्यातलं पाणी खारं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. वरची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाच्या भरवशावर कापूस आणि मागच्या ओलीवर हरभरा होतो. पण विहिरीचं खारं पाणी दिलं की माती चोपण होते.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, बडनेऱ्यावरून रेल्वे गेली, अमरावतीची बाजारपेठ फुगली. कापूस आपल्या शिवारातूनही गेला. पाणी मात्र आपल्याकडे आलं नाही.

याच तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या यात्रेत घसरड्या काठावर भाविकांचे हाल व्हायचे. गाडगेबाबांनी तिथं स्वतः राबून, लोकांना सोबत घेऊन घाट बांधला. सरकारची वाट पाहत बसले नाहीत.

आज शहानूर धरणाचं पाणी पाईपलाईननं पट्ट्यातल्या कितीतरी गावांत पोचतं. निंभ्याजवळ निम्न पेढी प्रकल्प आहे. हे हवंच. पण नळ आला म्हणून जुनं पाणी बुजवायचं काय? खाऱ्या गावातही नाल्याकाठी एखादी गोड्या पाण्याची विहीर असायची, सारं गाव तिच्यावर जगायचं. पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर थराथरानं थांबतं, म्हणून ती गोडी टिकते. नाला बुजला, उपसा वाढला की ती गेली समजा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. भोजकटाचा अभिमान जरूर बाळगा, पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात गोड्या विहिरींची आणि जुन्या तळ्यांची नोंद करा. तुमच्या गावची गोडी विहीर कुठं होती, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. खाली गावाच्या नावासह लिहा. मी यादी करून तहसीलदारांकडे नेतो.