आपाच्या लग्नाची कॅसेट आणि एक स्वस्त कार्ड

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. दागिने, कपडे यांची यादी चालू असताना ती मध्येच म्हणाली, "खाला, अम्मीच्या शादीची कॅसेट बघायचीय मला. दादीअम्मा त्यात बोलतात म्हणे."

ती जिला दादीअम्मा म्हणत होती ती माझी दादी. तिने आयुष्यभर कोणाला फोटो काढू दिला नाही. हजच्या पासपोर्टसाठी काढला तेवढाच. पण 1991 मध्ये बोरीवलीच्या आमच्या चाळीत आपाचं लग्न झालं तेव्हा व्हिडिओवाल्याचा कॅमेरा फिरता फिरता तिच्यावर आला. रुखसतीची वेळ होती. तिने आपाच्या डोक्यावर हात ठेवला, दुआ दिली, कोकणी बोलीत दोन वाक्यं बोलली आणि मग कॅमेरा दिसताच पदर पुढे ओढला. सगळं मिळून अकरा-बारा सेकंद.

मी कॉम्प्युटर उघडून फाइल लावली. दादीच्या चेहऱ्याच्या जागी चौकोन चौकोन दिसत होते. तिचे ओठ हलून थांबले आणि त्यानंतर आवाज आला. भाची थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ओरिजनल कुठेय?"

ओरिजनल मी 2006 मध्ये भंगारवाल्याला दिली होती. "आता कॉम्प्युटरवर घेतलंय, जागा कशाला अडवायची," असं म्हणून स्वतःच्या हाताने दिली. आज लिहितेय ते त्याबद्दलच. कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड निवडणं ही दुकानातली किरकोळ खरेदी वाटते. मला ती तशीच वाटली होती.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी टीव्ही रंगीत झाला. जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस कॅसेट 1976 मध्येच बाजारात आली होती. आपल्याकडे ती आणि तिचा व्हीसीआर पुष्कळ घरांत आखातातून आले. कोकणातल्या, मुंबईतल्या मुस्लिम घरांत कोणी ना कोणी दुबईला, मस्कतला, जेद्दाहला होतंच. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात ब्लँकेट, अत्तर आणि व्हीसीआर असे. मग लग्नांच्या कॅसेट निघू लागल्या. मुशायरे, शाळेची गॅदरिंग, मोहल्ल्यातले जलसेही टेपवर येऊ लागले.

ही टेप कापून जोडणं सोपं नव्हतं. दोन व्हीसीआर लागत. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग रेकॉर्ड करायचा. महाराष्ट्रात या पद्धतीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मालेगाव. यंत्रमागाच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला, तो व्हीएचएस कॅमेरा आणि दोन व्हीसीआर यांच्या जोरावर. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'च्या वेळी हिरवा पडदा आणि कॉम्प्युटर आला. ते सगळं फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात बघायला मिळतं. दोन व्हीसीआरच्या कामात एक अडचण कायम राहायची. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की चित्र थोडं फिकं पडे. तिच्यावरून आणखी एक उतरवली की आणखी फिकं.

कॉम्प्युटरने ही अडचण संपवली, कारण फाइलची नक्कल मुळासारखीच निघते. पण त्याआधी टेपवरचा सिग्नल आकड्यांत बदलावा लागतो. हे काम कॅप्चर कार्डचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आणि 2000 नंतर पिनॅकल, मॅट्रॉक्स, कॅनोपस ही नावं लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या तोंडी असत. कार्डासोबत एडिटिंगचं सॉफ्टवेअर येई. अॅडोब प्रीमियर एका कार्डाला ओळखे, दुसऱ्याला ओळखत नसे. त्यामुळे पहिला प्रश्न असायचा, "प्रीमियरमध्ये चालेल का?" मी 2006 मध्ये लॅमिंग्टन रोडला गेले तेव्हा मीही तेवढंच विचारलं. दुकानदार माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "चलेगा, साब." आणि ते चाललंच. सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसलं, मी खूश झाले.

काय विचारायला हवं होतं ते आता कळतंय.

आपल्याकडचा टीव्ही आणि व्हीसीआर पाल पद्धतीचे. त्यात सेकंदाला 25 चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं. आधी एक सोडून एक रेषा, मग उरलेल्या. कॉम्प्युटरवर पूर्ण चित्र घ्यायचं तर 720 बाय 576 ठिपके लागतात. कुठलाही दाब न देता असं एक तास साठवायचं तर जवळपास 75 जीबी जागा हवी. माझ्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क 80 जीबीची. म्हणून त्या स्वस्त कार्डाने सुचवलेला व्हीसीडीचा पर्याय मी निवडला. त्यात चित्र 352 बाय 288 चं होतं, म्हणजे ठिपके साधारण पाव. दोन अर्ध्या भागांपैकी एक सरळ फेकला जातो. उरलेल्यालाही इतकं दाबलं जातं की तासाभराचं लग्न एका सीडीवर मावतं. दादीच्या चेहऱ्याचे चौकोन तिथे झाले.

आवाज मागे का पडला? त्या कार्डात आवाज घ्यायची सोयच नव्हती. चित्र कार्डातून जाई आणि आवाज वेगळ्या वायरने कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात. दोघांची घड्याळं वेगळी. सुरुवातीला फरक जाणवत नाही, पण निकाहपासून रुखसतीपर्यंत तो साचत जातो. शिवाय जुनी टेप ताणलेली असते, तिचा वेग किंचित कमी-जास्त होतो. त्या गोंधळात कार्ड मधली चित्रं गाळतं आणि गाळल्याचं सांगत नाही.

मी शाळेत उर्दू शिकवते. मुलांना पहिल्या महिन्यातच सांगते की एक नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चं 'जुदा' होतं. उर्दू छपाई हाताने लिहिणाऱ्या कातिबांवर चालत होती तेव्हा चांगल्या कातिबाची परीक्षा हीच असे, की त्याने लिहिणाऱ्याचा एकही नुक्ता हलवू नये. कार्डाचं कामही कातिबाचंच. मी कातिब निवडला तो स्वस्त आणि घाईचा, आणि त्याने लिहून दिल्यावर मूळ कागद फाडून टाकला.

घरात आणखी एक कॅसेट उरली होती. अब्बा पालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. 1994 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला जोडून छोटा मुशायरा झाला, त्यात त्यांनी स्वतःची नज्म वाचली होती. अब्बा आता नाहीत. ती नज्म कागदावर कुठे सापडत नाही. भाचीच्या लग्नानंतर मी या कॅसेटच्या मागे लागले.

या वेळी आधी कॅसेट बघितली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी होती, मुंबईच्या हवेत ती धरतेच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि टेपही फाटू शकते. जाणकाराकडून ती साफ करून घेतली. मग एस-व्हीएचएसचा जुना व्हीसीआर मिळवला. त्यातून उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी बाहेर येतात, आणि डळमळणाऱ्या रेषा सरळ करण्याची सोयही त्यात आहे. पैसे आधी इथे घालावेत, कारण व्हीसीआरने वाकडं दिलेलं चित्र कुठलंही कार्ड सरळ करू शकत नाही.

कार्डाबद्दल या वेळी पाच गोष्टी विचारल्या. पूर्ण 720 बाय 576 देतं का? दोन्ही अर्धे भाग जसेच्या तसे ठेवतं का? आवाज स्वतः घेतं का? गाळलेल्या चित्रांचा आकडा दाखवतं का? आणि फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी देतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एकाच सॉफ्टवेअरशी बांधलेली किती कार्डं आज निव्वळ पत्रा झालीत, कारण नव्या विंडोजसाठी त्यांचा ड्रायव्हर आलाच नाही. म्हणून आधी फक्त उतरवून घ्यायचं, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने. एफएफव्हीवन ही तशी एक पद्धत, संग्रहालयंही ती वापरतात. कापाकापी नंतर, नकलेवर.

ज्यांच्याकडे परदेशातून आलेल्या कॅसेट आहेत त्यांनी आणखी एक बघावं. अमेरिकेतली टेप एनटीएससी पद्धतीची असते. त्या काळी सौदीत सेकॅम पद्धत होती, त्यामुळे तिथे रेकॉर्ड झालेली टेप आपल्या व्हीसीआरवर कृष्णधवल दिसू शकते. टेप खराब झाली असं समजून ती फेकू नका.

वेळ फार नाही. फुनाई या जपानी कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची होती. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने 2019 मध्ये जगभरच्या संग्रहालयांना इशारा दिला, की 2025 च्या आसपास चुंबकीय टेप वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळणं अवघड होईल. मोठ्या संस्था आपापलं बघतील. आपलं कोण बघणार? सोलापूरला 1990 मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तो काळ कॅसेटचाच. त्या पिढीचं छापलेलं ग्रंथालयांत सापडतं. त्यांचं बोलणं, त्यांची बोली, पंगतीत शेजारी कोण बसलं होतं, हे सरकारी दप्तरात नसतं. आपाच्या लग्नात वाढायला चाळीतल्या काकू होत्या, पाण्याचे जग घेऊन त्यांची मुलं धावत होती. 1992-93 नंतर त्यातली काही घरं पांगली, काही वर्षांनी चाळही पडली. आमच्यापुरता त्याचा पुरावा ती कॅसेटच होती. आता पाव आकाराची एक फाइल आहे.

अब्बांची कॅसेट 38 मिनिटांची निघाली, फाइल सुमारे 20 जीबीची. गाळलेली चित्रं शून्य. नज्म पूर्ण आहे. दुसऱ्या बंदानंतर ते थांबतात, चष्मा पुसतात, समोरून कोणीतरी "इर्शाद" म्हणतं आणि ते पुढे वाचतात. भाचीने तीन वेळा बघितलं. फाइलच्या दोन नकला केल्या, एक आपाच्या घरी ठेवली.

कॅसेट मात्र साफ करून कपाटात परत ठेवलीय. भंगारवाला दर रविवारी येतो. तुमच्या माळ्यावर काही असेल तर त्याच्या आधी तुम्ही बघा.