जुन्या मोटारीला नवा पत्रा : पद्मिनी जपताना

प्रतिनिधी

मुंबईची ओळख बनलेल्या काळ्या-पिवळ्या 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शहराचा निरोप घेतला. ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवण्यात आलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत तेव्हा संपली होती. खासगी मालकीच्या पद्मिनीचा प्रवास मात्र थांबलेला नाही. उलट, १९७४ मध्ये हे नाव धारण करून रस्त्यावर आलेल्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली आणि 'व्हिंटेज' नोंदणीसाठी लागणारे वय त्यांच्या पदरात पडले.

या वयापर्यंत गाडी टिकवायची तर मालकासमोर सर्वांत मोठे आव्हान असते ते गंजाचे. इंजिन उघडता येते, पिस्टन-रिंगा बदलता येतात. सडलेला पत्रा मात्र कापून काढावा लागतो आणि त्या जागी नवा बसवावा लागतो. हा नवा पत्रा बहुतेक वेळा मूळ कंपनीचा नसतो. मूळ भागाची प्रतिकृती म्हणून घडवलेल्या या पत्र्याला बाजाराच्या भाषेत 'डुप्लिकेट' म्हणतात. तो कसा निवडावा, कसा बसवावा आणि मुळात किती बसवावा, यावर गाडीची सुरक्षितता आणि तिचे मूल्य या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

कुर्ल्याची फियाट

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. इटलीतील फियाट कंपनीशी करार झाल्यानंतर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० ची जुळणी सुरू झाली. गोलसर अंगामुळे मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिलेली गाडी ती हीच. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. पुढे तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. १०८९ सीसी इंजिनाच्या या गाडीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले.

पत्र्याच्या दृष्टीने हा इतिहास महत्त्वाचा आहे. डुक्कर फियाट आणि डिलाइट या एकाच घराण्यातल्या असल्या तरी त्यांचे पत्रे सरसकट एकमेकींना चालत नाहीत. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे होते. त्यामुळे 'फियाटचा पत्रा' एवढ्या वर्णनावर खरेदी करणे धोक्याचे ठरते. गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगूनच भाग मागावा लागतो.

सांगाडा हाच पत्रा

जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली स्वतंत्र चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. फियाट ११०० ची रचना तशी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. फरशी, दरवाजांखालची पेटीसारखी लांब पट्टी म्हणजे सिल, दरवाजांमधले खांब आणि छत हे सारे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असून गाडीचा भार मिळून पेलतात. बॉनेट, डिकीचे झाकण आणि दरवाजे हे बोल्टने सुटणारे भाग बदलणे म्हणूनच तुलनेने सोपे, तर सिल किंवा फरशी बदलणे हे गाडीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेसारखे ठरते.

गंज नेमका याच कण्याला आधी धरतो. चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत साठतो. दरवाजाच्या काचेवरून उतरणारे पाणी खालची छिद्रे बुजल्यास तळाशी तुंबते. फाटलेल्या रबरातून आत आलेले पाणी पायपोसाखाली राहते आणि फरशी वरून शाबूत दिसत असतानाच खालून सडते. कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा या प्रक्रियेला वेग देते. शहरात जागा नाही म्हणून गाडी भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात नेऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवली, तरी धोका टळत नाही. मातीच्या जमिनीतून वर येणारा ओलावा ताडपत्रीखाली कोंडतो आणि तळाचा पत्रा आतून पोखरतो. त्यापेक्षा कोरड्या फरशीवर, हवा खेळती राहील अशा छपराखाली उभी केलेली गाडी अधिक टिकते.

पत्रा येतो कुठून?

मालकापुढे साधारण चार पर्याय असतात. पहिला म्हणजे कंपनीचा जुना, पण न वापरलेला भाग. तो सर्वांत चांगला, मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ. दुसरा, भंगारात निघालेल्या गाडीचा पत्रा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगार बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तिथल्या पत्र्यानेही तितकेच पावसाळे पाहिलेले असतात, याचा विसर पडू नये. तिसरा, साच्यावर दाबून काढलेला डुप्लिकेट भाग आणि चौथा, डेंटरने हाताने ठोकून घडवलेला तुकडा.

ब्रिटनमध्ये 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने १९८८ पासून 'एमजीबी' गाडीची संपूर्ण बॉडी मूळ कारखान्याच्या साच्यांवर पुन्हा बनवण्यास सुरुवात केली. त्या गाडीचे उत्पादन १९८० मध्येच थांबले होते. मूळ साचे हाती असले की काम किती सुकर होते, याचे हे उदाहरण. मूळ साचा नसेल तेव्हा जुन्या पत्र्यावरूनच नक्कल काढावी लागते आणि अडचणींचा प्रारंभ तिथून होतो.

'डुप्लिकेट' का बसत नाही?

नक्कल करण्यासाठी घेतलेला नमुना स्वतः एकदा ठोकला गेलेला किंवा किंचित वाकलेला असेल, तर तो दोष प्रत्येक प्रतीत उतरतो. कमी ताकदीच्या प्रेसवर काढलेल्या भागावर अंगावरची धारदार रेघ बोथट उमटते. कडेची दुमड योग्य कोनात बसत नाही आणि बोल्टची छिद्रे मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेली असतात. पत्र्याच्या जाडीतही फरक पडतो. अशा गाड्यांच्या बाहेरील भागाला साधारणतः २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. २२ गेजचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर भरतो. तो वाकवायला सोपा जातो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने लवकर लहरतो.

सारा दोष नव्या भागाचाच असतो असेही नाही. त्या काळी कारखान्यातही दरवाजे आणि मडगार्ड कारागीर हाताने जुळवून घेत असत. एका पद्मिनीचा दरवाजा दुसरीला तंतोतंत बसेलच याची खात्री तेव्हाही नव्हती. त्यात पन्नास वर्षांच्या वापराने आणि लहान-मोठ्या अपघातांनी गाडी स्वतःच मापातून सरकलेली असते. म्हणूनच नवा पत्रा 'बसतो' असे न म्हणता तो 'बसवावा लागतो' असे म्हणणेच योग्य.

आधी जुळणी, मग वेल्डिंग

या कामातील सर्वांत महाग चूक म्हणजे घाईने कापणे. सिल कापण्यापूर्वी दरवाजांच्या चौकटीत लोखंडी नळ्या तात्पुरत्या जोडून चौकट जखडावी लागते. तसे न केल्यास मधला आधार जाताच बॉडी खचते आणि नवी सिल त्याच खचलेल्या मापात कायमची पक्की होते. मग दरवाजा लागत नाही, लागला तर उघडत नाही. चौकटीची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापे कापण्याआधी लिहून ठेवणे आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहणे हा त्यावरील उपाय. दोन्ही सिल एकाच वेळी कापणे कटाक्षाने टाळावे.

जुळणीचा क्रमही ठरलेला आहे. हलवता न येणाऱ्या मागच्या पत्र्यापासून सुरुवात करून पुढे सरकायचे. प्रथम मागचा दरवाजा, त्याच्या मापाने पुढचा दरवाजा, मग पुढचे मडगार्ड आणि सर्वांत शेवटी बॉनेट. पुढून सुरुवात केली तर साठलेली सगळी तफावत मागच्या दरवाजापाशी येऊन उभी राहते आणि तिथे ती दूर करण्यास वाव नसतो. या टप्प्यावर नवा भाग शिकंजे आणि स्क्रू लावून केवळ अडकवलेला असतो. दोन भागांमधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी, साधारण चार-पाच मिलिमीटर, दिसेपर्यंत तो पुन्हा पुन्हा काढून घासावा, वाकवावा, जुळवावा लागतो. दरवाजाचे रबर बसवूनही एकदा तपासणे आवश्यक असते, कारण नवे जाड रबर दरवाजा बाहेर ढकलते. गाडी घोड्यांवर असताना जुळलेली फट चाकांवर उतरल्यावर आणि इंजिनाचे वजन आल्यावर बदलू शकते. तेव्हा शेवटची तपासणी चाकांवरच व्हावी.

वेल्डिंग करताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ ओढली, तर पत्रा तापून लाटांसारखा होतो. एकमेकांपासून दूर छोटे टाके घालत, मध्ये थंड होऊ देत काम पुढे न्यावे लागते. जोडाच्या आतल्या, पुन्हा कधीही न दिसणाऱ्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर आधीच लावावा आणि रंगानंतर सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण सोडावे. पाणी जाण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत. ही कामे टाळून वर पुट्टीचा जाड थर दिला, तर गाडी पहिल्या दिवशी चकाकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुट्टी पोपडे धरून निघते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ते लागू आहेत. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. या वाहनांसाठी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे राखून ठेवण्यात आली. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत निश्चित झाली. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येते.

यातून मालकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सडलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा, त्याच मापाचा पत्रा बसवणे ही देखभाल. छत कापून गाडी उघडी करणे किंवा चाकांसाठी मडगार्ड रुंद करणे हा फेरबदल. बॉडीवर कोरलेला चॅसी क्रमांक असलेला भाग तर कोणत्याही परिस्थितीत कापू नये. तो गेला की गाडीची कायदेशीर ओळखच संपते.

किती बदलावे?

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, 'फीवा'ने, २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद याबाबत मार्गदर्शक आहे. शक्य तितका मूळ भाग राखावा, केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि बदललेल्या भागावर टिकाऊ खूण करावी, असे तिचे सूत्र. दरवाजाचा तळ सडला म्हणून पूर्ण दरवाजा फेकणे सोपे वाटते. परंतु तळाची चार बोटे पट्टी बदलून वरचा मूळ दरवाजा राखता येत असेल, तर तोच मार्ग श्रेयस्कर. कुर्ल्याच्या कारखान्यात दाबला गेलेला पत्रा आता पुन्हा निघणार नाही.

लक्षात ठेवण्याजोगे

- खरेदीपूर्वी मॉडेल व वर्ष निश्चित करा. जुना भाग नव्याशी ताडून पाहीपर्यंत टाकू नका.
- पत्र्याची जाडी, कडेची दुमड आणि छिद्रांची जागा मोजून घ्या.
- लोहचुंबक सोबत ठेवा. जिथे तो नीट चिकटत नाही, तिथे पुट्टी जाड आहे असे समजा.
- नव्या भागाला जुळणी पूर्ण होईपर्यंत रंग देऊ नका.
- कापण्यापूर्वी, कापताना आणि जोडल्यानंतर छायाचित्रे काढा. पुढील मालकासाठी आणि नोंदणीसाठीही ती उपयोगी पडतात.
- डेंटरशी मजुरी ठरवताना केवळ वेल्डिंगचा नव्हे, तर जुळणीच्या दिवसांचाही हिशेब धरा. वेळ तिथेच जातो आणि गाडीचे दरवाजे नीट लागणार की नाही, हेही तिथेच ठरते.