संकटकाळ आणि मद्यपान : किनवटच्या मुलखाचा धडा

पैनगंगेकाठचे, सागाच्या अरण्यातील किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मात्र हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, परधान व आंध यांचा हा मुलूख. दारू आणि मनुष्याचे दुःख यांचे नाते समजून घ्यावयाचे असेल, तर याच्या इतिहासाकडे आपण अवश्य पाहावे.

येथे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. पहाटे बायकामुले ती वेचतात, वाळवतात. काही खातात, काही विकतात, काहींची दारू काढतात. लग्नकार्यात, मर्तिकात आणि देवकार्यात ती लागते. पिणे होते, परंतु ते चारचौघांसमक्ष व प्रसंगाने होते. निजामी राजवटीत अबकारी हे तिजोरीचे मोठे उत्पन्न बनले आणि दारूविक्रीचा मक्ता लिलावाने गुत्तेदारांकडे गेला. घरची भट्टी गुन्हा ठरली, गुत्ता मात्र राजमान्य झाला. त्याच काळात जंगले राखीव होत होती, कसत्या जमिनी हातच्या जात होत्या. या असंतोषातूनच उठाव झाला आणि १९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे कोमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले. ज्याचा आधार तुटत होता, त्याच्याच वाटेवर गुत्ता उभा होता.

आधार तुटला की पिणे वाढते, हे जगानेही पाहिले आहे. सोव्हिएत संघात १९८५ साली मद्याविरुद्ध कडक मोहीम निघाली, तेव्हा रशियातील पुरुषांचे आयुर्मान वाढून १९८७ मध्ये सुमारे ६५ वर्षे झाले. पुढे मोहीम सैल झाली, संघराज्य कोसळले, नोकऱ्या व बचती बुडाल्या. १९९४ पर्यंत ते आयुर्मान ५८ च्याही खाली आले. त्या मृत्यूंमागे दारूचा वाटा फार मोठा होता.

मग केवळ दुकान बंद करणे पुरेसे आहे काय? मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि दारूची दुकाने एकाएकी बंद पडली. केरळात दारू न मिळाल्याने काहींनी आत्महत्या केल्याच्या वार्ता आल्या. तेथील सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचे ठरविले, परंतु उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, किनवटहून पैनगंगेपलीकडे असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले.

त्यांना मूर्ख म्हणून आपण मोकळे होऊ नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर काही तासांत हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, प्रसंगी प्राणही जातो. हा शरीराचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. मात्र रोजगार, सोबत व दवाखान्याची वाट हे सारे एकदमच बंद झाले, तर आजारी माणूस मिळेल ते पितो.

आपल्या महाराष्ट्रात उपचाराची परंपराही आहे. वांद्रे येथे १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभे राहिले. किनवटसारख्या आडवळणाच्या तालुक्यातील मजुराला मात्र अशी दारे दूरच असतात. २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, हे त्यातल्या त्यात समाधान.

आपल्या घरांतही असा एखादा भाऊ वा पिता असतो, आणि लाजेपोटी आपण दार लावून घेतो. पुढचे संकट महामारीचे असेल की दुष्काळाचे, हे आपल्या हाती नाही. त्या दिवशी त्याची बाटली काढून घेताना त्याला डॉक्टरकडे घेऊन जाणे, हे मात्र आपल्या हाती आहे.