कीटोनचा आकडा आणि लांबची चाल

प्रकार १ च्या मधुमेहासह मी लांब पल्ल्याच्या चालीला जातो. साखर उतरेल या धास्तीने एकदा इन्सुलिन फारच कमी घेतले. चौथ्या तासाला साखरही चढलेली आणि कीटोनही. हे श्रमाचे इंधन, की संकटाची चाहूल? या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो.

मधुमेहाने खंगलेले डॉ. आर. डी. लॉरेन्स फ्लॉरेन्समध्ये मरणाची वाट पाहत होते. १९२३ मध्ये इन्सुलिन मिळाल्याची तार आली. ते लंडनला परतले आणि वाचले. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनीच १९२६ मध्ये मांडले. माझी धास्ती तेथूनच आलेली.

१९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टिस आणि डग्लस यांनी नोंदवले, की लांब चालीनंतरच्या विसाव्यात निरोगी माणसाच्या रक्तातही कीटोन वाढतात. म्हणजे कीटोन हा मुळात रोग नव्हे. यकृताने चरबीपासून केलेले ते इंधन आहे.

मग धोका कुठे? १९७७ मध्ये बर्गर आणि सहकाऱ्यांनी मधुमेही तरुणांना तीन तासांपर्यंत व्यायाम करायला लावला. इन्सुलिन बऱ्यापैकी असलेल्यांची साखर उतरली. ज्यांच्या अंगात इन्सुलिन तुटपुंजे आणि कीटोन आधीच चढलेले होते, त्यांची साखर आणि कीटोन दोन्ही आणखी वाढले.

त्या दिवशी मी चाल अर्धवट सोडली, ते बरेच झाले. आता आकडा पाहण्याआधी मी स्वतःला विचारतो : अंगात इन्सुलिन किती आहे?