वजन उतरलं, पण कातडी लोंबली: शस्त्रक्रिया एकाहून जास्त असतील तर आधी कोणती?

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवणं ही सोपी गोष्ट नाही. बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेनं असो, औषधांनी असो की आहार-व्यायामानं, इतकं वजन कमी झालं की मधुमेह, गुडघेदुखी, धाप लागणं यांत बराच फरक पडतो. पण वर्षानुवर्षं ताणलेली कातडी आपोआप मागे येत नाही. पोटाची घडी मांडीवर उतरते, दंडाखाली झोळी लोंबते, छाती ओघळते, मांड्या एकमेकींना घासतात.

रावेरसारख्या ठिकाणी हा प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. घडीखाली घाम साचतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते. केळीच्या बागेत वाकून काम करणाऱ्याला किंवा दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्याला हा रोजचा त्रास असतो. म्हणून सर्जनसमोर बसल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "डॉक्टर, सगळं एकदाच करून टाका."

बहुतेक वेळा सर्जन याला नकार देतात. मग आधी पोट, दंड की मांडी? हा क्रम कशावर ठरतो?

आधी वजन थांबलं पाहिजे

कातडी काढण्याच्या या शस्त्रक्रियांना 'बॉडी कंटूरिंग' म्हणतात. वजन उतरत असतानाच कातडी काढली, तर पुढचे दहा किलो गेल्यावर ती पुन्हा लोंबते. वजन परत वाढलं, तर टाके घातलेली कातडी पुन्हा ताणली जाते. म्हणून वजन किमान तीन ते सहा महिने एकाच ठिकाणी टिकलेलं असावं, असा साधारण नियम आहे. बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांना हा टप्पा गाठायला बहुधा बारा ते अठरा महिने लागतात.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी ती चालू आहेत की बंद केली, हे सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला दोघांनाही सांगावं. औषध थांबल्यावर वजन परत वाढू शकतं. शिवाय या औषधांमुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना त्याची काळजी घ्यावी लागते.

बाळाचा विचार असेल तर पोटाची शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात. गरोदरपणात पोटाचे स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जाते.

जखम भरण्याची तयारी

वजन झपाट्यानं उतरलेल्या माणसाचं रक्त तपासलं तर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनं कमी सापडण्याची शक्यता मोठी असते. या शस्त्रक्रियांत टाक्यांची रेघ काही इंच नव्हे, काही फूट लांब असू शकते. ती भरायला शरीराला प्रथिनं लागतात. दिवसाला ६० ते १०० ग्रॅमच्या दरम्यानचं लक्ष्य दिलं जातं, नेमका आकडा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतात. केळी घरची असली तरी एका मध्यम केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असतं. त्यामुळे डाळ, दही, पनीर, शेंगदाणे, अंडी यांवर भर द्यावा लागतो.

दुसरी अट तंबाखूची. विडी-सिगारेटच नव्हे, गुटखा, तंबाखू-चुना आणि मिशरीसुद्धा यात येते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही आणि ती कड काळी पडून जखम उघडते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही किमान चार आठवडे हे पूर्ण बंद ठेवायला सांगतात. "मी ओढत नाही, फक्त मिशरी लावते" हे उत्तर इथे चालत नाही, आणि लपवलं तर नुकसान स्वतःचंच होतं.

सगळं एकदम का नाही?

कातडी जिवंत राहते ती रक्तपुरवठ्यावर. महाराष्ट्रातलं याचं जुनं आणि जगभर गाजलेलं उदाहरण पुण्याचं आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. पण ती कातडी कपाळापासून लगेच तोडली नाही. भुवयांमधला एक पट्टा जोडलेलाच ठेवला आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. तोवर नव्या जागेहून रक्त मिळू लागलं होतं. म्हणजे टप्प्याटप्प्यानं काम करण्यामागचं कारण तेव्हाही रक्तपुरवठा हेच होतं.

आजच्या शस्त्रक्रियेत याला आणखी तीन कारणं जोडली जातात. पहिलं, भुलेचा वेळ. शस्त्रक्रिया सहा तासांच्या पुढे लांबत गेली की गुंतागुंतीचा धोका वाढतो, असं मानून बरेच सर्जन तिथे मर्यादा आखतात. दुसरं, रक्तस्राव. एकाच दिवशी तीन-चार ठिकाणी कापलं तर रक्त जास्त जातं. तिसरं, पायात गुठळी होणं. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. त्यावरचा एक मोठा उपाय म्हणजे लवकर उठून चालणं, आणि सगळं अंग एकदम शिवलेल्या माणसाला ते जमत नाही.

नेहमीचा क्रम

प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. तरी बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा क्रम असा:

१. पोट आणि कंबर. सर्वात जास्त त्रास बहुधा इथेच असतो. फक्त लोंबती घडी काढायची असेल तर त्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. स्नायू आवळून, बेंबीची जागा नव्यानं करून पोट सपाट केलं तर तो टमी टक. कातडी पाठीपर्यंत सैल असेल तर कंबरेभोवती पूर्ण वेढा घेऊन ती काढतात. पोटात हर्निया असेल तर त्याची दुरुस्तीही शक्यतो याच वेळी होते.

२. छाती, दंड आणि पाठीचा वरचा भाग. दंडाची सैल कातडी काखेतून छातीच्या कडेपर्यंत सलग गेलेली असते, म्हणून हे भाग अनेकदा एकत्र घेतात.

३. मांड्या. या शेवटी येण्यामागे कारण आहे. कंबरेचा वेढा घेतला की मांडीचा बाहेरचा भाग आपोआप वर ओढला जातो. मग मांडीवर नेमकं किती काम उरलं, हे नंतरच कळतं. जांघेजवळची जखम घाम आणि ओलाव्यामुळे भरायलाही त्रासदायक असते.

४. चेहरा आणि मान. गरज वाटली तरच, आणि बहुधा सर्वात शेवटी.

काय एकत्र टाळतात?

नियम सोपा आहे: दोन टाके एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतील तर ते एकाच दिवशी घालू नयेत. कंबरेच्या शस्त्रक्रियेत मांडीची कातडी वर ओढली जाते. आतल्या मांडीच्या शस्त्रक्रियेत जांघेतल्या टाक्यांवर खालच्या दिशेनं ताण येतो. दोन्ही एकत्र केलं तर एक रेघ फाटण्याची किंवा व्रण सरकण्याची भीती असते. पोट आणि छाती एकत्र घेताना छातीखालची रेघ खाली ओढली जाऊ नये, म्हणून तिथे वेगळे टाके घालून ती पक्की करावी लागते.

दंड आणि मांड्या एकत्र घेतल्या तर अडचण वेगळीच. पाय दुखत असताना उठायला हाताचा आधार लागतो, आणि हातही बांधलेले असतात.

दोन टप्प्यांमध्ये किमान तीन महिने, अनेकदा सहा महिन्यांचं अंतर ठेवतात. तेवढ्यात सूज उतरते, हिमोग्लोबिन सावरतं आणि पुढच्या टप्प्याचा आराखडा नव्यानं पाहता येतो. व्रण फिके पडायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागतं. ते पूर्ण जात नाहीत.

रावेरचं कॅलेंडर

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे दिवसरात्र घट्ट पट्टा किंवा कपडा घालावा लागतो. एप्रिल-मे मध्ये रावेरच्या उन्हात तो अंगावर ठेवणं म्हणजे घामोळं आणि ओली जखम यांना आमंत्रण. निवड हातात असेल तर पावसाळा उतरल्यानंतरचे महिने सोयीचे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. केळीचा घड, पाण्याची घागर, गॅसची टाकी, कडेवरचं मूल, सगळंच यात आलं. म्हणून तारीख ठरवताना केळी कापणीचे दिवस आणि घरातली लग्नं आधी पाहावीत. घरातलं काम दीड महिना कोण करणार, हा प्रश्न बायकांच्या बाबतीत शेवटी विचारला जातो. तो पहिल्या दिवशीच सुटायला हवा.

प्रवासाचाही हिशेब लागतो. मुंबईला शस्त्रक्रिया झाली तर परतीचा रेल्वे प्रवास सात-आठ तासांचा, आणि इतका वेळ बसून राहणं गुठळीच्या दृष्टीनं धोक्याचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच निघावं, वाटेत अधूनमधून उठून चालावं. जखमेतली नळी चोवीस तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी पाणी येऊ लागल्यावर काढतात. त्यामुळे घरी परतल्यावर ड्रेसिंग कोण करणार आणि पाणी साचलं तर जळगाव-भुसावळला कोणाकडे जायचं, हे आधीच ठरलेलं असावं. पोटरी एकाएकी सुजली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर वाट न पाहता जवळचं रुग्णालय गाठावं.

पैसे आणि विमा

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा खर्च वगळलेला असतो. अपवाद मोजके: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी उपचार गरजेचा असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. म्हणून घडीखालच्या जखमांचा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं आणि तारखेसह फोटो जपून ठेवावेत. त्यानं मंजुरीची खात्री मिळत नाही, पण कागदाशिवाय दावा उभाच राहत नाही. मंजुरीची विचारणा शस्त्रक्रियेआधी लेखी करावी.

सर्जनला विचारण्याचे प्रश्न

- प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी कोणती?
- माझ्या बाबतीत किती टप्पे, आणि हाच क्रम का?
- पहिल्या टप्प्याला भूल किती तास? अतिदक्षता विभाग आहे का?
- गुठळी होऊ नये म्हणून काय करणार?
- जखम उघडली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा?
- मी पहिल्या टप्प्यानंतर थांबले किंवा थांबलो, तर चालेल का?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. पैसा, रजा, घर यांचा मेळ पुन्हा बसत नाही, म्हणून काही जण पहिल्या टप्प्यावरच थांबतात. काहींना तेवढ्यानंच पुरेसं वाटतं. म्हणून पहिला टप्पा असा निवडावा की पुढचा कधी झालाच नाही, तरी चालणं, वाकणं, आंघोळ आणि काम सोपं झालेलं असेल. आरशात सर्वात जास्त खटकणारा भाग आणि रोज सर्वात जास्त अडवणारा भाग एकच असेल असं नाही. आधी रोज अडवणाऱ्या भागाचा विचार करावा.